आडनांवावरून जात मोजणारे पंडित

केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं ठरविलें कीं, येणाऱ्या खानेसुमारींत प्रत्येक माणसाची जात लिहून घ्यावयाची. १६ जून २०२५ रोजीं जाहीरनामा निघाला आणि १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख मुक्रर झाली. अनुसूचित जातिजमाती सोडल्या तर बाकीच्या रयतेस खानेसुमारीच्या कागदांत जात विचारली गेली नाहीं, त्यास १९३१ पासून इतकीं वर्षें लोटलीं. ही बातमी ऐकून आमच्या पुष्कळ मंडळींनीं पेढे वाटले. पेढे वाटण्यास आमची हरकत नाहीं. पण कोण मोजणार, कसें मोजणार आणि मोजलेलें कोणाच्या टोपलींत टाकणार, हें विचारल्यावांचून पेढा तोंडांत घालणें म्हणजे कापसाची गाडी बाजारांत नेऊन कांट्याकडे न पाहतां पावती घेऊन घरीं येणें होय. कांटा मारणें म्हणजे काय, हें जळगांव-धुळ्याच्या शेतकऱ्यास आम्हीं शिकवावयास नको.

माणसांच्या समाजाची माहिती गोळा करण्याचें एक शास्त्र आहे. त्याच्या रीती अनेक. कचेरींत बसून याद्या चाळणें ही एक. जुन्या ग्रंथांतील वर्णन घेऊन जिवंत माणसाशीं ताडून पाहणें ही दुसरी. घरोघर जाऊन विचारणें ही तिसरी. चार गांवें नमुन्यास घेऊन मुलखाचा अंदाज बांधणें ही चौथी. आणि गांवांत राहून डोळ्यांनीं पाहणें ही पांचवी. पंडित लोक या रीतींच्या गुणदोषांवर मोठमोठीं व्याख्यानें देतात. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. रीत चुकली म्हणजे ती चूक कोणाच्या अंगावर येते?

हा वाद केवळ पुस्तकी आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं धुळें जिल्हा परिषदेकडे पाहावें. ४ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, इतर मागास वर्गास स्थानिक संस्थांत राखीव जागा द्यावयाच्या तर आधीं स्वतंत्र आयोगानें चौकशी केली पाहिजे, प्रत्येक संस्थेपुरतें प्रमाण आंकड्यांनीं ठरलें पाहिजे, आणि साऱ्या राखीव जागा मिळून निम्म्याहून अधिक होतां कामा नयेत. सरकारजवळ आंकडे नव्हते. परिणाम काय झाला? धुळें, नंदुरबार, अकोला, वाशीम, नागपूर अशा जिल्हा परिषदांतून इतर मागास वर्गाच्या जागांवर निवडून आलेल्या सभासदांचीं पदें गेलीं, आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं त्याच जागांसाठीं पुन्हां मतदान झालें. पण या वेळीं जागा सर्वांस खुल्या. लोकांनीं मतें देऊन पाठविलेला माणूस घरीं बसला. त्यानें चोरी केली नव्हती, लांच खाल्ली नव्हती. त्याच्या जातीचा आंकडा दप्तरीं नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा!

मग धांवपळ झाली. मार्च २०२२ मध्यें माजी मुख्य सचिव श्री. जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला गेला. हे गृहस्थ एके काळीं साऱ्या देशाचे जनगणना आयुक्त होते. २००१ ची खानेसुमारी त्यांच्या देखरेखीखालीं झाली. तेव्हां मोजणी कशी करावी हें त्यांस ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणूं नये. पण वेळ थोडा. चार महिन्यांच्या आंत आयोगानें राज्यांतील इतर मागास वर्ग शेंकडा ३७ ठरवून अहवाल दिला. या मोजणीचा मोठा आधार कोणता? तर मतदारयाद्या, आणि त्या यादींतलीं आडनांवें! श्री. छगन भुजबळ यांनीं त्याच वेळीं जाहीरपणें तक्रार केली कीं एकच आडनांव अनेक जातींत सांपडतें, यावरून जात ठरवाल कशी? तक्रार खरी होती. पुढें २० जुलै २०२२ रोजीं त्या अहवालाच्या आधारें निवडणुका घेण्यास न्यायालयानें मोकळीक दिली. मग पुन्हां वाद, पुन्हां तारखा. आणि शेवटीं ६ मे २०२५ रोजीं हुकूम झाला कीं, अहवालापूर्वीं जी स्थिति होती ती धरून निवडणुका घ्या. म्हणजे कांट्यावर घातलेलें माप बाजूस ठेवून जुन्या अदमासानेंच माल विकला गेला.

आतां ही आडनांवाची रीत आमच्या खानदेशांत लावून पाहूं.

तापीकांठच्या कोणत्याहि गांवची मतदारयादी उघडा. पहिलें पान पाटलांचें, दुसरें पाटलांचें, तिसरेंहि पाटलांचेंच. पाटील ही वास्तविक वतनाची पदवी. आमच्याकडे ती आडनांव होऊन बसली. लेवा पाटील, मराठा पाटील, गुजर पाटील, तिरोळे कुणबी पाटील, कोळ्यांतही पाटील. यांपैकीं कोणी इतर मागास वर्गांत, कोणी खुल्या वर्गांत, कोणी अनुसूचित जमातीचा दावा करणारा. यादीवर सगळे एकाच रांगेंत, एकाच टोपीचे! चौधरी म्हणाल तर लेवाहि चौधरी आणि घाण्यावर ज्यांचे आजे बसले ते तेलीहि चौधरी. महाजन म्हणाल तर माळ्यांतही महाजन, लेव्यांतही महाजन. सोनवणे हें आडनांव कोळ्यांत आहे, मराठ्यांत आहे, शिंप्यांत आहे, भिल्लांत आहे आणि बौद्ध झालेल्या आमच्या बांधवांतही आहे. पवार मराठे आहेत, भिल्ल आहेत, बंजारा आहेत, पारधीहि आहेत. मोरे, वाघ, जाधव यांची तीच कथा. कोणता पवार कोणता, हें गांवच्या शेंबड्या पोरास कळतें. पण मुंबईंत यादीवर खूण करणाऱ्या यंत्रास कळत नाहीं, कारण यंत्र कधीं त्या गल्लींतून पाणी प्यालेलें नसतें.

धुळ्याच्या मागवाल्यांच्या वस्तींत जा. तेथें यादीवर शेख, खान, पठाण, अन्सारी. मुसलमान कारागिरांत मोमीन आहेत, पिंजारी आहेत, मणियार आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांस मागासवर्गाच्या यादींत स्थान आहे. शेख या एका शब्दावरून कोण ताणाबाणा जोडतो आणि कोण कापूस पिंजतो, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. उलट रावेर-यावल-चोपड्याकडे तडवी म्हटलें कीं तडवी भिल्ल हें उघड. तेथें रीत बरोबर बसते.

आम्ही न्यायानें बोलूं. आडनांवाच्या रीतींत कांहींच गुण नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ती स्वस्त आहे. यादी आयती छापलेली आहे. सरकारी नोकराची वही चुकविणारा माणूससुद्धां मतदारयादींत असतो. आणि कोणी खोटें सांगेल ही भीति नाहीं, कारण कोणास विचारावयाचेंच नाहीं. ज्यांनीं धंदाच आडनांव म्हणून लावला, लोहार, सुतार, शिंपी, कुंभार, सोनार, त्यांच्यापुरती ही रीत बहुधा चुकत नाहीं. भंगाळे, नारखेडे अशीं आडनांवें घेतलीं तरी लेवा समाज ओळखतां येतो. पण हीं उदाहरणें घेऊन सारा जिल्हा मोजणें म्हणजे बांधावरच्या बाभळी मोजून शेतांतलें पीक सांगणें.

आणि चूक कोणाकडे झुकते तें पाहा. समजा, एका गांवांत चारशें पाटील आहेत. तीनशें एका मोठ्या जातीचे, साठ दुसऱ्या, चाळीस तिसऱ्या लहान जातीचे. खूण करणारा काय करील? 'पाटील म्हणजे अमुक' असें एकदां ठरवील आणि चारशेंहि त्याच खान्यांत टाकील. मोठ्या जातीचे तीनशांचे चारशें झाले. लहान जातींचे शंभर गांवांतून नाहींसे झाले. दुसऱ्या गांवीं कदाचित् उलट होईल आणि जिल्ह्याच्या बेरजेंत दोन्ही चुका एकमेकींस खाऊन टाकतील. पंडित म्हणतील, सरासरी ठीक आहे! पण राखीव जागा जिल्ह्याच्या सरासरींत बसत नाहीं. ती अमुक गणांत, अमुक गांवांत बसते. ज्या गांवांतून कुंभार-परीट कागदावरून पुसले गेले तेथें त्यांस सरासरी काय चाटावयाची आहे? कोणी म्हणेल, गांवच्या तलाठ्यास विचारून दुरुस्ती करतां येते. येते, पण मग विचारावयाचेंच होतें तर घरच्या माणसासच कां विचारूं नये?

ही झाली यादीची रीत. दुसरी रीत याहून विचित्र, कारण तिच्यांत माणूस समोर उभा असतो आणि तरी त्याच्याकडे पाहावयाचें नसतें. पुस्तकाकडे पाहावयाचें असतें. आमच्या टोकरे कोळी आणि ठाकूर बांधवांस हें दुःख विचारा. मुलगा वैद्यकीस किंवा इंजिनिअरीस लागतो, दाखला तपासणी समितीपुढें जातो, आणि चौकशीवाला विचारतो: तुमच्या लग्नांत कोणता विधि असतो? तुमची कुलदेवता कोण? मेल्यावर काय करतां? बोली कोणती? या उत्तरांचा ताळा जुन्या वर्णनांशीं घ्यावयाचा. यास आप्तभाव चाचणी म्हणतात. आतां हीं जुनीं वर्णनें कोणाचीं? एन्थोवेन साहेबांचे मुंबई इलाख्यांतील जातिजमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या सालांत निघाले. खानदेशचें ग्याझेटियर तर १८८० चें. साहेबांनीं मामलेदारास विचारलें, मामलेदारानें कारकुनास विचारलें, कारकुनानें चावडीवर जो भेटला त्यास विचारलें, आणि छापून आल्यावर तें वेदवाक्य झालें!

त्या ग्रंथांस आम्ही टाकाऊ म्हणत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचीं बलुत्यांचीं नांवें, लग्नाच्या चाली, धंद्यांचीं हत्यारें यांची नोंद दुसरीकडे कोठेंहि मिळणार नाहीं. आमचे आजे लिहीत नव्हते, म्हणून आज त्यांच्याविषयीं वाचावयास साहेबाचेंच पुस्तक हातीं घ्यावें लागतें, ही आमचीच लाज. पण शंभर वर्षांपूर्वींच्या अंगरख्याचें माप घेऊन आजच्या पोरास 'तूं त्या घरचा नाहींस' म्हणणें हा कुठला न्याय? आज आदिवासीच्या लग्नांतही बँड वाजतो आणि मांडव भाड्यानें येतो. पोरगा शिकला म्हणून त्यानें देवऋषी सोडला असेल. त्यानें जुनी चाल बरोबर सांगितली तर म्हणावयाचें, पाठ करून आला. चुकला तर म्हणावयाचें, तो त्या जमातीचाच नव्हे. दोन्हींकडून फांसा! सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं २४ मार्च २०२३ रोजीं, ठाकूर समाजाच्या संस्थेनें नेलेल्या दाव्यांत, स्पष्ट सांगितलें कीं ही चाचणी म्हणजे सोन्याचा कस नव्हे; तेवढ्या एकीवरून दावा मान्य वा अमान्य करतां येत नाहीं, जुन्या कागदपत्रांस अधिक वजन आहे. निकालास किती वर्षें लागलीं आणि तोंवर किती पोरांचीं वर्षें फुकट गेलीं, याचा हिशेब कोणत्याच खंडांत छापला जाणार नाहीं.

ही पुस्तकी रीत जेथून जन्मली तेथें तर पूर्वीं माणसाचें नाकसुद्धां मोजीत असत. १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य रिस्ली साहेब होते. नाकाची रुंदी आणि जातीची उंची यांचा मेळ बसतो असा त्यांचा सिद्धान्त! नाक बारीक तितकी जात वरची. आम्ही कधीं ऐकलें नाहीं कीं कोणी साहेबाचें नाक मोजून त्यास पगार दिला.

मग उरली विचारण्याची रीत. आम्ही तिचे कैवारी आहोंत, पण आंधळे कैवारी नाहीं. २०११ सालीं सरकारनें खानेसुमारीवेगळी एक सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि घरोघर जात विचारली. विचारली ती मोकळी. हाताशीं यादी नाहीं, जो जें सांगेल, लिहिणारा जसें लिहील, तें. पुढें २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें ते आंकडे मागितले तेव्हां केंद्रानें सर्वोच्च न्यायालयांत प्रतिज्ञापत्र केलें कीं, १९३१ सालीं ४,१४७ जाती होत्या, आतां ४६ लाखांवर भरल्या! एकट्या महाराष्ट्रांत ४,२८,६७७. आणि सरकारी याद्यांप्रमाणें असाव्या ४९४. हें कसें झालें? कोणी जात म्हणून पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी गोत्र, कोणी आडनांव. लिहिणाऱ्यानें एकाच जातीचें नांव दहा तऱ्हांनीं लिहिलें. यंत्रानें प्रत्येक तऱ्हा निराळी जात धरली. सरकारनें त्यावर म्हटलें, हे आंकडे निरुपयोगी. ते दडवून ठेवले गेले, आणि १५ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्राचा अर्जहि फेटाळला गेला. आम्ही म्हणतों, धान्यांत खडे आहेत म्हणून पोतें नदींत फेंकतात काय? बायका सुपांत घेऊन पाखडतात. त्या ४६ लाख नांवांतून लेवा, लेवा पाटील, लेवा पाटीदार, लेवे कुणबी हीं चार नांवें एका ढिगांत घालावयास पंडितांस दहा वर्षें अपुरीं पडलीं. खानदेशांतील दोन गुरुजींनीं तें काम एका दिवाळीच्या सुटींत केलें असतें.

विचारण्याच्या रीतींतला खरा दोष याहून खोल आहे. तो असा कीं, माणूस प्रश्नास उत्तर देत नाहीं, प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर देतो. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका गांवीं ओट्यावर बसलों असतां पाहणीवाला आला. गरीब शाळामास्तर, हातांत मोबाइल, दीडशें घरांचें ओझें डोक्यावर. घरचे म्हातारे पुढें झाले. "नाना, विहीर आहे का?" नाना म्हणाले, "नाही रे भाऊ, कोरडवाहू आहे." त्याच वेळीं मळ्यांतून मोटारीचा आवाज येत होता. मास्तरनें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं आकाशाकडे. पुढचा प्रश्न: "काकू काय काम करतात?" नाना: "काही नाही, घरीच असते." काकू पहांटेपासून कापूस वेंचावयास गेल्या होत्या! मास्तर गेल्यावर आम्हीं नानांस विचारलें, खोटें कां सांगितलें? ते म्हणाले, "मागे एकदा खरं सांगितलं, तर रेशनच्या यादीतून नाव गेलं." आणि काकूंच्या कामाविषयीं विचारलें तर त्यांस कळेचना कीं त्यांत खोटें काय सांगितलें. बाईचें काम काम म्हणून धरावयाचें असतें हें त्यांस कोणी सांगितलेलेंच नव्हतें, आणि प्रश्न विचारणाऱ्यानेंहि दुसऱ्यांदां विचारलें नाहीं. अशीं लाख उत्तरें एकत्र केलीं म्हणजे तक्ता होतो: अमुक इतक्या स्त्रिया कांहीं काम करीत नाहींत. तक्त्यावर शिक्का बसतो. मग कोण म्हणेल खोटें?

अहिराणीचेंहि तसेंच. खानेसुमारींत ती खानदेशी या नांवानें मोजतात. २००१ सालीं ती मातृभाषा म्हणून सुमारें २० लाख ७५ हजार लोकांनीं सांगितली, २०११ सालीं सुमारें १८ लाख ६० हजारांनीं. लोक वाढले आणि बोली बोलणारे घटले! घरांत जो 'मन्ही माय' म्हणतो तोच दारांत आलेल्या मास्तरपुढें खाकरून 'मराठी' म्हणतो, कारण शाळेंत अहिराणीस हंसलेले त्यास आठवतें. कांहीं घरांतून बोली खरोखरीच गेली असेल. पण किती गेली आणि किती लाजली, हें त्या आंकड्यांतून निवडतां येत नाहीं.

शितावरून भाताची परीक्षा ही आमच्या घरांतली रीत. तीच पंडितांनीं नमुना पाहणी म्हणून उचलली. ती खोटी नाहीं. थोडीं घरें घ्यावयाचीं म्हणजे शहाणे, शिकविलेले माणूस पाठवितां येतात आणि नानांची विहीरहि सांपडते. पण भात एका आंचेवर शिजला असेल तरच एक शीत पुरे. मंडल आयोगानें आपल्या १९८० च्या अहवालासाठीं ४०७ पैकीं ४०५ जिल्ह्यांत पाहणी केली, दर जिल्ह्यास दोन गांवें आणि शहराचा एक भाग. त्या वेळीं नंदुरबार धुळ्यांतच होतें. अक्कलकुव्याच्या डोंगरांतला पाडा, शिरपूरचा तापीकांठ आणि शिंदखेड्याचें कोरडें रान, या साऱ्यांच्या वतीनें बोलावयास दोन गांवें! कोणतींहि दोन निवडा, तिसरें रुसलेंच. तरी त्या पाहणीची एक गोष्ट आम्ही विसरणार नाहीं. तिनें अकरा कसोट्या लावल्या, त्यांत मुलींचीं लग्नें किती लहानपणीं होतात, अंगमेहनतीवर किती घरें जगतात, किती मुलें शाळेंत गेलींच नाहींत, पाणी किती दुरून आणतात असले प्रश्न होते. ब्राह्मण श्रेष्ठ कीं मराठा श्रेष्ठ असल्या गप्पा नव्हत्या. पण मागासवर्ग किती, हा मोठा आंकडा, शेंकडा ५२, त्या पाहणींतून आलाच नाहीं. तो १९३१ च्या खानेसुमारीवरून बांधला. ज्या आंकड्यावर देशभर रणें माजलीं तो मुळांत आज्याच्या वहींतला होता.

गांवांत राहून पाहणाऱ्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मॅन साहेब पिंपळें सौदागर या गांवीं घरोघर फिरले, जमिनीचीं जुनीं दप्तरें काढलीं आणि १९१७ सालीं दाखविलें कीं, १७७१ सालीं जेथें सरासरी ४० एकरांची शेती होती तेथें १९१४-१५ सालीं ७ एकर उरली. विचारलेलें आणि दप्तरांतलें एकमेकांस लावून पाहिलें म्हणून तें काम आजही टिकून आहे. मात्र तें गांव पुण्याच्या दारचें. त्यावरून आमच्या काळ्या कपाशीच्या रानाचें कांहीं सांगतां येत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ चा. गांवचे इतके बारकावे टिपणारें पुस्तक विरळा. पण तें महसुली नोकरीच्या खुर्चींतून दिसलेलें गांव आहे. फिरस्ता त्यांस ओझें दिसला, बलुतेदार कुणब्याच्या खळ्यावरचा वाटेकरी दिसला. सुतार स्वतः लिहिता तर त्यानें त्याच खळ्याचें दुसरें चित्र काढलें असतें. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला तेव्हां ते कुणब्याच्या घरांत शिरले, चूल पाहिली, अंगावरचीं वस्त्रें पाहिलीं. त्यांच्याजवळ तक्ते नव्हते, म्हणून त्यांस कोणी संशोधक म्हणत नाहीं!

आतां आमच्याच मंडळींस दोन शब्द, मग ते कडू लागोत. प्रत्येक जातीच्या मेळाव्यांत 'आम्ही राज्यांत इतके कोटी' अशी आरोळी होते. हे सर्व कोटी एकत्र केले तर महाराष्ट्रांत माणसांस उभें राहावयास जागा पुरणार नाहीं. १९०१ सालीं साहेबानें जातींची उंचनीच मांडली तेव्हां वरच्या पायरीसाठीं अर्जांचे ढीग पडले. आज खालच्या पायरीसाठीं पडतात. आडनांवाच्या रीतीनें आमचें नुकसान होतें म्हणून आम्ही ओरडतों. पण ज्या गांवीं तिच्यामुळें आमच्या जातीचे शंभर वाढले तेथें आमच्यांपैकीं कोणी तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. खोट्या कांट्याचा फायदा घेणारा उद्यां त्याच कांट्यावर रडूं लागला तर त्याचें कोण ऐकणार? शिवाय मोजलें म्हणजे मागासलेपण कळलें असेंहि नाहीं. किती, हें मोजणीनें कळतें. कसे जगतात, हें तिच्यानें कळत नाहीं. ज्या जातीचे लोक पुष्कळ तिचें दुःखहि मोठेंच, असें धरून चाललों तर गांवांत दोन घरें असलेला बुरूड किंवा घिसाडी पुन्हां कोणाच्याच हिशेबांत येणार नाहीं.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणें आहेत. जातींच्या नांवांची यादी गणनेपूर्वीं छापून प्रत्येक ग्रामपंचायतींत लावावी. एकाच जातीचीं बोलींतलीं, पोटजातींचीं, जुनींनवीं नांवें तींत एकत्र दाखवावीं. आणि ज्यास आपलें नांव सांपडत नाहीं त्यास हरकत घेण्यास मुदत द्यावी. मोजणारा त्या भागांतली बोली समजणारा असावा. पांवरा-बारेला पाड्यांवर तर हें अवश्यच. एका घरची माहिती दुसऱ्यास दाखवितां येत नाहीं असा १९४८ चा जनगणना कायदा आहे, आणि तो योग्य आहे; पण गांवची बेरीज गांवास सांगण्यांत कोणाचें गुपित फुटतें? ती ग्रामसभेंत वाचून दाखवावी. लोकांस आपलें गांव ठाऊक असतें; तेलीगल्ली कागदावरून गेली तर बेरजेवरूनच तें उघड होईल. गणनेबरोबर दर तालुक्यांत थोडीं गांवें निवडून तेथें शिकविलेलीं माणसें महिनाभर ठेवावीं, आणि मोजणींत काय सुटलें, काय खोटें पडलें, हें त्यांच्याकडून तपासून घ्यावें. आणि २०११ चे आंकडे पाखडून लोकांपुढें ठेवावे, म्हणजे मागची चूक पुढें होणार नाहीं.

वाचकांस एवढेंच सांगतों. मोजणारा येईल तेव्हां घरच्या बाईस पुढें बसवा. तिचें काम तीच सांगो. जात विचारली तर आडनांव सांगूं नका, जात सांगा. पोटजात सांगावयाची तर तीहि निराळी सांगा. घरांत अहिराणी बोलत असाल तर मातृभाषेपुढें अहिराणीच लिहवा. या वेळीं मोजणी मोबाइलवर व्हावयाची आहे. मास्तर कंटाळलेला असेल, उन्हांतून आलेला असेल; त्यास पाणी द्या, ओट्यावर बसवा, आणि तो उठण्यापूर्वीं म्हणा, "गुरुजी, काय लिहिलं तेवढं एकदा वाचून दाखवा."